चाळ बांधण्याआधी

नाचणाऱ्या मुलीचा पाय दुखू लागला की विंगेत कुणीतरी हमखास विठाबाईंची गोष्ट काढतं. आमचं बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असलं तरी गाडीत बसलं की पुढे रावेर, सावदा, भुसावळ. घराघरांत मराठी बोलली जाते, त्यामुळे तमाशाच्या गोष्टी इथे परक्या नाहीत. आरशासमोर बसलेल्या मुलीच्या घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळता गुंडाळता तिची आजी किंवा मदतीला आलेली एखादी मावशी सांगू लागते: दिवस भरलेली विठाबाई फडावर नाचत होती, कळा सुरू झाल्या, ती आत गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली, लुगडं आवळून नेसली आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभी राहिली. "आणि तुझा नुसता घोटा दुखतोय!"

मुलगी डोळे पुसते, चाळ बांधते आणि स्टेजवर जाते.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांची ही गोष्ट महाराष्ट्रात सगळीकडे सांगतात आणि ऐकताना मलाही दरवेळी भरून येतं. पण विंगेत ती अर्धीच सांगितली जाते. पुढचा भाग असा की बाई परत आल्यावर प्रेक्षकांच्या लक्षात आलं, मघाचं पोट आता दिसत नाही. काय घडलं ते कळल्यावर त्यांनीच खेळ थांबवायला लावला. तिकीट काढून आलेली माणसं होती ती. बाईच्या जिद्दीपुढे त्यांनी हात जोडलेच, पण या अंगाने आता नाचू नये हेही त्यांना समजत होतं. आणि विठाबाई बोर्डावर परतल्या त्या पराक्रम गाजवायला नव्हे. दसऱ्याला बाहेर पडलेला फड वैशाखातल्या जत्रा संपेपर्यंत गावोगाव हिंडतो. रात्रीच्या गल्ल्यावर सगळ्या फडाची चूल चालते. मालकीणच नाचली नाही तर बाकीच्यांनी खायचं काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात तेरा वर्षांच्या मुलीवर अशी कुठलीच वेळ आलेली नसते. तिला ही गोष्ट धाक म्हणून सांगणं विठाबाईंवरही अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

मी या गावात कथक शिकवते. आमच्या विंगेत अशा गोष्टी खूप चालतात, चालाव्यातही. माझा आग्रह एवढाच की त्या शेवटपर्यंत सांगाव्यात.

बुऱ्हाणपूरची स्वतःची गोष्ट एका उडीची आहे. तापीच्या पलीकडच्या काठावर झैनाबाद आणि तिथली आहूखाना ही शाही बाग. १६५३ च्या सुमारास दख्खनचा सुभेदार होऊन आलेला शहजादा औरंगजेब तिथे आपल्या मावशीकडे गेला होता. 'मआसिर-उल-उमरा' या फारसी ग्रंथात नोंद आहे की मावशीच्या परिवारातली हिराबाई, जी पुढे झैनाबादी या नावाने ओळखली गेली, फळांनी लगडलेल्या आंब्याखाली आली आणि समोर शहजादा उभा आहे याची फिकीर न करता उडी मारून तिने आंबा तोडला. औरंगजेबाचं भान हरपलं. हिराबाईच्या गाण्याची त्या काळी वाखाणणी होती. मनुची हा इटालियन प्रवासी तर औरंगजेबाच्या या प्रेमाबद्दल लिहिताना तिला नर्तकीच म्हणतो. पुढे ती फार जगली नाही.

मुलींना हे सांगितलं की त्या विचारतात, मग औरंगजेबाने काय केलं? मी विचारते, हिराबाई खाली कशी उतरली? पहिल्यांदा सगळ्या हसतात. मग एकेकीला उडी मारायला लावते, बाकीच्यांनी डोळे मिटून फक्त ऐकायचं. कुणी धपकन उतरते, कुणाची आधी टाच आपटते, कुणाचे दोन पाय दोन वेगळ्या वेळी टेकतात. डोळे मिटलेल्या मुली नावानिशी सांगतात, "ताई, ही जोरात पडली." पाय टेकतात त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार घोटा, गुडघा आणि कमरेतून जातो. तो झेलायला आधी पंजा टेकावा, मग टाच. गुडघे थोडे वाकलेले असावेत आणि गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहावी. वाढत्या वयाच्या बऱ्याच मुलींचे गुडघे उतरताना आत, एकमेकांकडे झुकतात. दुखतो गुडघा, पण कमजोरी बहुधा वर, नितंबाच्या बाजूच्या स्नायूंत असते. कुशीवर पडून, पावलं जुळवून वरचा गुडघा उघडायचा, किंवा एका पायावर उभं राहून खुर्चीच्या काठापर्यंत सावकाश बसायचं आणि उठायचं. व्यायाम एवढे साधे आहेत की पालकांना ते नाचाचा भाग वाटतच नाहीत. "मॅडम, आज काही शिकवलं नाही का?" असं विचारणारे पालक मला दरवर्षी भेटतात.

मुंबईच्या नर्तकी कनक रेळे (१९३७–२०२३) यांचं एक काम मला इथे फार मोलाचं वाटतं. १९७०-७१ मध्ये त्यांनी केरळात जाऊन मोहिनीआट्टमच्या वयोवृद्ध गुरूंचं चित्रीकरण केलं आणि पुढे ती चलनं शरीरशास्त्राच्या दृष्टीने तपासली. कुठला सांधा कुठल्या दिशेने, किती वळतो, भार कुठे जातो. कायद्याचं शिक्षण घेतलेल्या बाई होत्या, पुराव्याशिवाय बोलत नसत. नालंदा नृत्यकला महाविद्यालयात त्यांनी ही नजर विद्यार्थ्यांना दिली. आज चित्रीकरणाचं ते यंत्र प्रत्येक पालकाच्या खिशात आहे. मोबाइलवर मुलीच्या उड्या आणि चक्कर संथ गतीत चित्रित करायचे आणि तिलाच दाखवायचे. मी दहादा ओरडून जे सांगते ते ती एका नजरेत पाहते.

आता गोपीकृष्ण. कथकच्या विंगेत हे नाव निघाल्याशिवाय कार्यक्रम होत नाही. व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) या चित्रपटाचे नायक आणि नृत्यदिग्दर्शकही तेच. खैरागडला त्यांनी सलग ९ तास २० मिनिटे कथक केलं. खैरागड आज छत्तीसगडात असलं तरी तेव्हा आमच्याच राज्यात होतं, आणि १९५६ साली स्थापन झालेल्या तिथल्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयामुळे या भागातल्या नाचणाऱ्यांना ते गाव घरातल्यासारखं वाटतं. तबलजी ही गोष्ट रंगवून सांगतात आणि मुली अवाक होऊन ऐकतात.

या गोष्टीचं मागचं टोक गोपीकृष्णांच्या बालपणात आहे. आजोबा सुखदेव महाराज यांच्याकडे त्यांची तालीम झाली. मावशी सितारादेवी. लहानपणापासून रोजचा रियाज, पुढे शंभू महाराजांकडे शिक्षण. त्या ९ तास २० मिनिटांच्या पाठीशी कित्येक वर्षांची हळूहळू चढवलेली मेहनत होती. स्नायू तुलनेने लवकर तयार होतात; स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर आणि खुद्द हाडं मात्र फार सावकाश. मुलीचा दम वाढलेला असतो, पोटऱ्या टणक झालेल्या असतात, तिला वाटतं आता आपण काहीही करू शकतो, आणि नेमक्या त्याच काळात पावलाचं हाड अजून तयार व्हायचं असतं.

आमच्याकडे उलटंच चालतं. वर्षभर आठवड्यातून तीन दिवस एक-एक तास, आणि कार्यक्रम जवळ आला की रोज तीन-चार तास. परीक्षेच्या आधीही तेच. मग टाच, नडगी, पावलाची मधली हाडं दुखायला लागतात. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक दुखापती स्टेजवर झालेल्या नाहीत, त्या कार्यक्रमाच्या आधीच्या तीन आठवड्यांत झालेल्या आहेत. कथकचे चक्कर टाचेवर घेतात, साधारणपणे डाव्या. २१ चक्करांची तिहाई बसवायची तर एका तालमीत ती किती वेळा घ्यायची याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मी ठेवते. भिंतीवर तक्ता आहे. त्यावर प्रत्येकीचे पुऱ्या जोराचे चक्कर आणि पुऱ्या जोराचं ततकार (पायांनी वाजवायचे बोल) लिहिलं जातं, आणि तो आकडा आठवड्यागणिक थोडा-थोडाच वाढतो. बाकीची तालीम हलक्या पायाने, हातांनी, तोंडाने बोल म्हणत. बोल पक्के असले की पायांना अर्धी मेहनत पुरते, हे जुन्या गुरूंना उत्तम ठाऊक होतं. पढंत, म्हणजे तोंडाने बोल म्हणणं, त्यासाठीच तर आहे.

ज्या विषयावर मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं तो आहे जमीन.

आखाडा पाहा. लाल माती, तिच्यात तेल, ताक, हळद. रोज ती फावड्याने खणतात, ढेकळं फोडतात, भुसभुशीत करतात आणि मगच कुस्ती. नव्या पोरालाही आधी माती खणायला लावतात, त्यातच त्याचे खांदे, कंबर, मांड्या तयार होतात. मग जोर, मग बैठका. मल्लखांब, जो २०१३ पासून मध्य प्रदेशाचा राज्य खेळ आहे, तिथेही चढण्यापूर्वी अंग तयार करून घेतात आणि खाली गादी असते. पेशवाईतल्या बाळंभट्टदादा देवधरांपासून चालत आलेली ही विद्या, तिच्यात पडण्याचाही विचार आधी केलेला आहे. लोकनृत्यं पाहा. निमाडात गणगौरीला रनुबाई आणि धणियर राजाचे रथ डोक्यावर घेऊन बाया नाचतात. खकनार, नेपानगरकडच्या कोरकूंचा थापटी नाच चालतो. ही सगळी नाचणारी माणसं मातीवर, अंगणात, अनवाणी नाचत आली, आणि तीच माणसं दिवसभर शेतात चालणारी, वाकणारी, ओझी उचलणारी.

आमच्या मुली शाळेत बाकावर बसतात, घरी मोबाइल घेऊन सोफ्यावर, आणि संध्याकाळी येऊन कोटा फरशीवर किंवा गुळगुळीत टाइल्सवर पाय आपटतात. खाली सिमेंटचा स्लॅब. तो काहीच झेलत नाही, आलेला सगळा भार पायाला परत देतो. दोन्ही पायांत शंभर-शंभर घुंगरू असतील तर थकलेल्या पायाला ते वजन वेगळंच. पहिलवानाला जी काळजी मिळते तिचा दहावा हिस्साही कथक शिकणाऱ्या मुलीच्या वाट्याला येत नाही, आणि तिचा पाय तर एका तालमीत हजारो वेळा जमिनीवर पडतो.

सतरंजी टाकणं हा उपाय नव्हे. ती सरकते, तिला घडी पडते, घडीत अंगठा अडकतो. जाड फोमची चटई त्याहून वाईट. घोटा डुगडुगतो आणि चक्कर घेताना पाऊल फिरतच नाही, मग पीळ गुडघ्याला बसतो. आम्ही सुताराला बोलावलं. खाली रबराचे तुकडे, त्यांवर आडव्या-उभ्या लाकडी पट्ट्यांची जाळी, वर जाड प्लाय. परदेशातल्या नृत्यशाळांत ज्याला स्प्रंग फ्लोअर म्हणतात त्याची ही गावठी आवृत्ती. सुतार म्हणाला, "ताई, फळी हलंल ना!" मला ती थोडी हलायलाच हवी होती. फरक पहिल्यांदा कळला तो तबलजींना. ततकाराचा आवाज गोल झाला, म्हणाले, फरशीवर तो नुसता चटचट येत होता. मुलींना मात्र पहिले काही दिवस पाय जड वाटले, कारण फरशीच्या उलट्या धक्क्याची सवय झालेली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी जमीन आपल्या हातात नसते. मंडपवाल्याचं स्टेज म्हणजे लोखंडी घोड्यांवर टाकलेल्या फळ्या आणि वर खिळ्यांनी ठोकलेली जाजम. दुपारी, कुणी यायच्या आत, मी खडू घेऊन त्यावर अनवाणी चालते. जिथे फळी दबते तिथे फुली. जिथे दोन फळ्यांत फट आहे तिथे रेघ. वर आलेला खिळा मंडपवाल्याच्या पोराला तिथल्या तिथे ठोकायला लावते. मग मुलींच्या जागा त्या फुल्या टाळून नव्याने ठरतात. प्रेक्षकांना वाटतं रचना किती सुंदर तिरकी बांधली आहे. ती फळीने बांधलेली असते.

आमच्या गावच्या उन्हाळ्याचाही एक किस्सा आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. मुली येतात त्याच घामाने भिजलेल्या आणि म्हणतात, अंग तर तापलेलंच आहे, वॉर्मअप कशाला? एकीने मला शाही किल्ल्यातल्या हमामाचा दाखला दिला होता, शाहजहानच्या काळातल्या बायकाही आधी गरम पाण्याने अंग शेकत असतील ना! कल्पना छान होती. पण कातडी तापणं आणि स्नायू जागे होणं यात अंतर आहे. सांधे फिरवणं, जागच्या जागी चालणं, हलकी धाव, पाय पुढे-मागे झुलवणं, ठाह म्हणजे संथ लयीत ततकार, असं दहा-बारा मिनिटं झालं की नाडी वाढते, सांध्यांत वंगण सुटतं आणि मेंदूला पायाची जागा नीट कळू लागते. ताणून धरण्याचे व्यायाम शेवटी. थंड स्नायू नाचाच्या आधी बराच वेळ ताणून धरला की त्याचा जोर काही वेळ उतरतो. विंगेत पाय भिंतीला लावून ताणत बसलेल्या मुली दिसतात तेव्हा मी त्यांना उठवून चालायला लावते. उन्हाळ्यात पाणी आणि चिमूटभर मीठ-साखर सोबत असतंच.

शरीराची तयारी हा नाचाचाच भाग मानणारी परंपरा आपल्या देशात आहे. १९३० साली वळ्ळत्तोळ यांनी स्थापन केलेल्या केरळ कलामंडलमात पावसाळ्यात कथकळीच्या मुलांना पहाटे उठवतात, अंगाला तेल लावतात, कळरीच्या धर्तीचे व्यायाम करवून घेतात आणि मग गुरू दोराला किंवा दांडीला धरून आपल्या पावलांनी त्यांचं अंग रगडतात. डोळ्यांत तूप घालून डोळ्यांचा व्यायामही होतो. महाराष्ट्रातल्या वाडा इथे जन्मलेल्या चंद्रलेखा यांनी १९८५ च्या 'अंगिका'मध्ये कळरीपयट्टू आणि योग थेट रंगमंचावर आणले, भरतनाट्यमच्या शेजारी. मला त्यांचं धाडस आवडतं ते याचसाठी. जे विंगेत लपवलं जायचं ते त्यांनी प्रकाशात आणलं.

सुधा चंद्रन यांची गोष्ट मुलींना ठाऊक असते, कारण त्यांच्यावरचा 'नाचे मयूरी' हा चित्रपट पाहिलेला असतो. १९८१ साली तिरुचिरापल्लीजवळ बसचा अपघात, पाय कापावा लागला, जयपूर फूट बसवला आणि १९८४ मध्ये मुंबईत पुन्हा भरतनाट्यम. टाळ्या या टप्प्यावर पडतात. मी मुलींना त्याच्या अलीकडचा भाग सांगते. जखम मुळात लहान होती. वरून प्लास्टर चढलं, आत ती चिघळली आणि गँगरीन झालं. पाय गेला तो दुर्लक्षित राहिलेल्या छोट्या जखमेने. आणि पलीकडचा भाग सांगते डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांचा, ज्यांच्या डोक्यातून जयपूर फूट निघाला. उकिडवं बसता येईल, अनवाणी चालता येईल असा पाय हवा, हे त्यांनी भारतीय माणसाचं जगणं पाहून ठरवलं होतं. सेठींना १९८१ मध्येच मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुधाताईंच्या जिद्दीला तोड नाहीच, पण तिच्याखाली एका डॉक्टरचं आणि एका कारागिराचं काम उभं आहे.

नर्तकी सोनल मानसिंग यांचंही तसंच. १९७४ मध्ये जर्मनीत मोटार अपघातात त्यांच्या पाठीचा मणका, बरगड्या, गळपट्टीचं हाड मोडलं. कॅनडात माँट्रियलला पिएर ग्रावेल यांनी त्यांना महिनोन्‌महिने उपचार देऊन उभं केलं आणि १९७५ मध्ये त्या पुन्हा नाचल्या. पुन्हा उभं राहण्याचे ते महिने कुठल्याही निवेदनात नसतात, एका ओळीत उरकले जातात.

म्हणून आमच्या क्लासात दुखणं सांगण्याचे काही ठराव आहेत. पाय मुरगळला आणि चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबताच कळ येत असेल, तर एक्स-रे. ही चार पावलांची कसोटी कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडली. ताज्या सुजेवर मालिश नाही, शेक नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पाय उंच आणि पट्टी. पाय 'ओढून' बसवणाऱ्याकडे तर मुळीच नाही. अशा ओढण्याने साध्या मुरगळीची महिन्याभराची दुखापत झालेली मी पाहिली आहे. हाडाच्या एकाच बिंदूवर दुखत असेल, नाचलं की वाढत असेल आणि रात्रीही ठणकत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो. त्याची खूण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर बहुधा दिसत नाही, त्यामुळे 'फोटोत काही नाही' असं सांगून मुलीला पुन्हा नाचवू नये. एकदा मुरगळलेला घोटा दुखायचा थांबला तरी तो आपली जागा विसरलेला असतो. दात घासताना एका पायावर उभं राहणं, मग तेच डोळे मिटून, मग एका पायावर टाच वर-खाली. निरोगी पायाला हे पंचवीस वेळा जमावं. दुखरा पाय त्या आकड्याच्या जवळ आल्यावरच चाळ.

आणि एक गोष्ट, जी पडद्यामागे अगदी कुजबुजत बोलली जाते. अकरा ते पंधरा या वयात मुली झपाट्याने उंच होतात. हाडं आधी वाढतात, स्नायू मागून येतात, म्हणून गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेच्या मागे दुखतं. काल जमणारे चक्कर आज डगमगतात. अशा मुलीला आळशी म्हणू नये, तिचं शरीर नव्याने मापात येत असतं. त्यातच पोशाख घट्ट होतो आणि कुणीतरी बोलून जातं, जरा कमी खा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींत रक्त कमी आढळलं. त्या रक्तावर, उपाशी पोटी, तीन तास ततकार करायचं? जेवण मेहनतीला पुरत नाही तेव्हा पाळी लांबते, बंद होते आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंच्या बाबतीत याला स्वतंत्र नाव दिलं. आमच्या मेकअपरूममध्ये आता वजनावर बोलायला बंदी आहे. डब्यात शेंगदाण्याचे लाडू, उकडलेली अंडी, केळी असतात आणि शिंपीण ब्लाउजमध्ये दाब सोडून शिवते, उसवता यावं म्हणून.

मागच्या गणेशोत्सवात दुसऱ्या नंबरची परण करणारी मुलगी मेकअप अर्धा झालेला असताना माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, माझ्या नडगीवर एका जागी दुखतंय, काल रात्री पण दुखलं." कुणी विचारलं नव्हतं. आजी शेजारीच होत्या. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि गजरा माळायला घेतला. तबलजींना सांगितलं, परण गाळू, ती जागा गतभावाला देऊ. हार्मोनियमवाल्याने लेहरा बदलला. मुलीचे चाळ सोडले आणि तिला माइकजवळ बसवून पढंत करायला लावली. बोल इतके स्वच्छ आले की आयोजकांनी पुढच्या वर्षी निवेदनही हिलाच द्या म्हणून सांगितलं. सोमवारी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. सहा आठवडे नाच बंद, चालायला हरकत नाही, रक्त तपासून घ्या आणि दूध-भाकरी नीट खाऊ द्या, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी मी भिंतीवरच्या तक्त्याशेजारी टाचणीने लावली आहे, तिच्या रकान्यात त्या सहा आठवड्यांपुढे 'पढंत' लिहून.